गंजावर रंग नको!

गिझरखाली पाणी दिसले की आपण बादली ठेवतो आणि गंजावर रंग फासतो. मला हा निव्वळ आळस वाटतो. प्रथम वीज बंद करून पाणी कोठून येते ते पाहावे. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 380 मिलिलिटरने फुगते. तेव्हा सुरक्षा झडप थोडी ठिबकणारच. ती बुजवणे म्हणजे घरात स्फोटाला आमंत्रण! जोड गळत असल्यास वॉशर बदलावा. टाकीच पाझरू लागली, तर मात्र उपाय नाही. आतली मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून लोखंड वाचवते. ती संपली की गंज टाकीला धरतो. म्हणून दरवर्षी ती तपासून घ्यावी. मित्रहो, रसायनशास्त्र काय केवळ परीक्षेपुरते शिकावयाचे?