खेळ बदलला की खेळाडूही
'हॉर्स' या मिश्र पोकरमध्ये होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, स्टड आणि स्टड हाय-लो हे पाच खेळ आळीपाळीने येतात. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी हाती आली, की खेळाडू बेधडक पैज वाढवतो. रॅझमध्ये लहान पाने जिंकतात, जोडी लोढणे ठरते. तोच खेळाडू ती मुकाट टाकून देतो. मग त्याला धाडसी म्हणायचे की भित्रा?

जुगाराची भलामण मला करायची नाही. पण शैली स्वभावाइतकीच नियमांतून घडते, हे इथे स्वच्छ दिसते. धोका असतो तो खेळ बदलतानाच्या क्षणी. मेंदू आधीचे नियम लगेच सोडत नाही. तयारीला वेळ दिला तर ही अडखळ कमी होते, पण पूर्ण जात नाही, असे रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५मध्ये दाखवले.

बाह्यरुग्ण विभागात छातीतली जळजळ बहुधा पित्ताची निघते. तिथून थेट अपघात विभागात गेलेल्या डॉक्टरला हृदयविकाराची जळजळही पित्ताचीच वाटू शकते. म्हणून ड्यूटीच्या वेळापत्रकात मधली पाच मिनिटे धरायलाच हवीत. तो आराम नव्हे, रुग्णाची सुरक्षितता आहे.