विश्लेषण : पाणी शुद्ध करणारे यंत्र बिघडले, हे आधी कोणाला कळते?

गावांत, शाळांत आणि सरकारी इमारतींत आरओ यंत्रे बसली; पण त्यांची देखभाल कोण करतो? मोबाइलवरून यंत्रावर लक्ष ठेवणारी व्यवस्था कशी चालते, तिला काय कळते आणि काय कळत नाही?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, इ. स. १७००च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजखान पठाण याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा वापर केला. किल्ल्यातील विहिरीचे साचलेले विषारी पाणी कैद्यांना पाजून त्यांना मारले जाई, असे सांगितले जाते. ते पाणी घातक आहे, हे निदान पाजणाऱ्याला आणि पिणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते.

आज प्रश्न उलटा आहे. स्टीलच्या चकचकीत टाकीतून, ‘शुद्ध व थंड पाणी’ अशी पाटी लावलेल्या नळातून येणारे पाणी खरोखर शुद्ध आहे का, हे ना पिणाऱ्याला कळते, ना यंत्र बसवणाऱ्याला.

यंत्र चालू आहे म्हणजे पाणी शुद्ध आहे का?

नाही. यंत्र पूर्ण बंद पडले तर नळाला पाणी येत नाही आणि ओरड होते. खरा धोका चालू असूनही काम न करणाऱ्या यंत्राचा असतो.

गावातल्या आरओ केंद्रात बोअरचे पाणी आधी वाळूच्या आणि कार्बनच्या गाळणीतून जाते. मग बारीक कण अडवणारे काडतूस येते. त्यानंतर मोटर हे पाणी जोराने पडद्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवर ढकलते. विरघळलेले क्षार तिथे अडतात. शेवटी बहुतेक ठिकाणी जंतू मारणारा अतिनील दिवा असतो आणि पाणी टाकीत साठते.

यातला पडदा फाटला तर नळाची धार कमी होत नाही, उलट वाढू शकते. काडतूस तुंबले की कधी कधी पाणी वळवणारा व्हॉल्व्ह उघडून काम भागवले जाते. अतिनील दिव्याचे आयुष्य साधारण आठ ते नऊ हजार तासांचे, म्हणजे सतत चालला तर वर्षभराचे. त्यानंतरही तो निळा दिसतोच, फक्त जंतू मारण्याची ताकद घटलेली असते. रांगेत बाटली घेऊन उभ्या असलेल्या मुलाला यातले काहीच दिसत नाही.

दूरदेखरेख म्हणजे नेमके काय?

यंत्रात चार-पाच ठिकाणी सेन्सर बसवायचे, त्यांची मोजमापे एका छोट्या नियंत्रकात गोळा करायची आणि मोबाइलच्या सिमकार्डावरून ती कार्यालयात पाठवायची, एवढीच ही कल्पना आहे.

काडतुसाच्या आधी आणि नंतर पाण्याचा दाब मोजला जातो. दोन्हींतला फरक वाढू लागला की काडतूस तुंबते आहे, हे काही दिवस आधीच कळते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मोजतात. समजा, आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस लिटरला ८०० मिलिग्रॅम आणि बाहेर पडणाऱ्याचा ४० असेल, तर पडदा ९५ टक्के क्षार अडवतो आहे. काही महिन्यांनी बाहेरचा आकडा १६० झाला, तर हे प्रमाण ८० टक्क्यांवर आले. पाण्याच्या चवीत हा फरक चटकन जाणवेलच असे नाही. आकड्यांत तो लपत नाही. शुद्ध आणि टाकाऊ पाण्याच्या नळीवर प्रवाहमापक, दिव्याचे तास मोजणारे घड्याळ आणि टाकीची पातळी सांगणारा सेन्सर असला की यंत्राची बरीचशी तब्येत कळते.

हे तंत्र नवे नाही. २००८ मध्ये राजस्थानात सुरू झालेल्या ‘सर्वजल’ उपक्रमाने आपल्या केंद्रांवर ‘सूचक’ नावाचा नियंत्रक बसवून दूरच्या गावांतील यंत्रांवर लक्ष ठेवण्याची पद्धत आणली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशननेही सेन्सरच्या वापराचा पुरस्कार केला. टाटा ट्रस्ट्सच्या सहकार्याने पाच राज्यांतील काही दुर्गम गावांत त्याचे पथदर्शी प्रकल्प झाले. त्यांत महाराष्ट्रही होता. तिथे पाण्याचा प्रवाह, दाब, भूजलाची पातळी आणि क्लोरिन यांसारख्या गोष्टी मोजल्या गेल्या.

गावात नेटवर्क आणि वीज नसेल तर?

हा आक्षेप रास्त आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नेटवर्कचा भरवसा नसतो. पण इथे व्हिडिओ पाठवायचा नसून काही आकडे पाठवायचे असतात. एका संदेशाला अगदी थोडा डेटा पुरतो. नेटवर्क नसेल तेव्हा नियंत्रक नोंदी साठवून ठेवतो आणि मिळाले की एकदम पाठवतो. छोट्या बॅटरीवर ‘वीज गेली’ हा निरोपही जातो.

इथे व्यवस्था आखणाऱ्यांची एक चूक वारंवार होते. बिघाड झाला तरच संदेश येईल, अशी रचना केली जाते. मग नियंत्रकच जळाला किंवा सिमचे रिचार्ज संपले तर काहीच येत नाही, आणि कार्यालयात बसलेला माणूस सगळे ठीक आहे असे समजतो. म्हणून यंत्राने ठरलेल्या वेळी ‘मी चालू आहे’ एवढा तरी निरोप दिलाच पाहिजे. तो आला नाही, की तोच धोक्याचा इशारा मानायचा.

सेन्सरला काय दिसत नाही?

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जंतू. भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १०५००’ या मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ‘ई-कोलाय’ जिवाणू अजिबात आढळता कामा नये. हे पडताळायला नमुना घ्यावा लागतो आणि निकालाला साधारण एक दिवस लागतो. गावपातळीवरच्या बाटलीतल्या चाचणीत पाणी काळे पडते का, हे पाहायलाही २४ ते ४८ तास जातात. यंत्रावरचा टीडीएसचा आकडा याबद्दल अवाक्षर सांगत नाही.

आरओच्या पाण्यात क्लोरिन उरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. नळयोजनेच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे अशी अपेक्षा असते. ते वाटेत शिरलेल्या जंतूंचा बंदोबस्त करते. आरओचे पाणी पडद्यातून स्वच्छ निघाले, तरी न धुतलेल्या टाकीत किंवा कॅनमध्ये ते पुन्हा दूषित होऊ शकते आणि त्याला वाचवायला काही नसते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा टाकीत कित्येक दिवसांचे पाणी साचलेले असते. सेन्सर फक्त टाकी भरलेली दाखवतो.

टीडीएसबाबतही गैरसमज मोठा आहे. मानकानुसार ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतो. आकडा जितका कमी तितके पाणी चांगले, हे खरे नाही. शिवाय हा आकडा बेरजेचा असतो. त्यात कोणता घटक किती, हे तो सांगत नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. म्हणून गावच्या विहिरीत मँगनीज जास्त असेलच असे नाही. पण ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे का, फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत आहे का, हे प्रयोगशाळाच सांगू शकते. तिचा अहवाल आल्याशिवाय आरओ लागतो की साधी गाळणी आणि क्लोरिन पुरते, हेही ठरवता येत नाही.

मग बिघाड कळल्यावर पुढे काय?

खरी अडचण इथेच आहे. आंबागडसारख्या गावातील एखाद्या शाळेचे उदाहरण घेऊ. समजा, काडतूस तुंबल्याचा संदेश सकाळी नऊला कंपनीच्या नागपूरच्या कार्यालयात पोहोचला. तिथून तंत्रज्ञ एका काडतुसासाठी तुमसरपर्यंत येणार नाही. आणखी दोन-चार तक्रारी जमल्या की निघेल. मुख्याध्यापकांना संदेश आलेलाच नाही. ग्रामसेवकाकडे त्या खर्चाची तरतूद नाही. बिघाड मिनिटभरात कळला आणि दुरुस्ती महिन्याने झाली, तर सेन्सरने फक्त उशिराची तारीख नोंदवली, एवढेच.

म्हणून संदेश तीन ठिकाणी जायला हवा : कंपनीकडे, ग्रामपंचायतीकडे आणि यंत्राशेजारी राहणाऱ्या माणसाकडे. तो माणूस आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींकडे जलसुरक्षक असतो. तो पाण्याचे नमुने घेतो आणि ब्लीचिंग पावडरीकडे लक्ष देतो. काडतूस बदलणे आणि टाकी धुणे ही कामे त्याला किंवा बचत गटातील दोघा महिलांना शिकवता येतात. दोन सुटी काडतुसे गावातच ठेवली तर बहुतेक लहान दुरुस्त्या त्याच दिवशी होतील. पडदा आणि मोटर यांसाठीच तंत्रज्ञाची वाट पाहावी लागेल.

पैसा कुठून येणार?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के निधी बंधित ठेवला. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याशी संबंधित कामांसाठी होता. म्हणजे पाण्यासाठी पैशाची वाट आखलेली होती. पण यंत्र खरेदी केले की उद्‌घाटनाचा फोटो निघतो, काडतूस बदलल्याचा निघत नाही. त्यामुळे देखभालीची तरतूद मागे पडते.

यावर उपाय करारात आहे. यंत्राची किंमत एकरकमी चुकवून वार्षिक देखभालीचा कागद फायलीत लावण्यापेक्षा, यंत्राने योग्य पाणी दिलेल्या दिवसांचे पैसे द्यावेत. किती दिवस ते नीट चालले, हे सेन्सरच्या नोंदी सांगतात. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर त्या दिवसांचे पैसे कापावेत. मात्र या नोंदी कंपनीच्याच ताब्यात राहिल्या तर उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानेच तपासल्यासारखे होईल. ग्रामपंचायतीला आणि शाळेला त्या थेट पाहता आल्या पाहिजेत.

लोकांना काय दिसायला हवे?

राज्यात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की काहीतरी गंभीर आहे, हे गावात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. हीच सोय आरओ यंत्रालाही लावता येईल. नळाच्या वर एक रंगीत कार्ड, त्यावर काडतूस बदलल्याची तारीख, टाकी धुतल्याची तारीख, जंतूंच्या शेवटच्या चाचणीचा निकाल आणि तक्रारीचा क्रमांक असावा. चाचणीची मुदत उलटली तर कार्ड आपोआप पिवळे समजायचे, आणि पडदा नीट काम करत नसेल तर लाल कार्ड लावून नळ बंद करायचा.

दूरदेखरेखीची व्यवस्था जरूर आणावी. बिघाड वेळेत कळण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे. पण निविदेत सेन्सरची संख्या लिहिताना त्याच पानावर आणखी चार गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत : संदेश कोणाला जाणार, तो किती तासांत पोहोचणार, सुटे भाग कुठे ठेवणार आणि जंतूंची चाचणी कधी होणार. शाळेत किंवा गावात नवे यंत्र बसत असेल, तर ग्रामसभेत हे चार प्रश्न विचारायला तंत्रज्ञ असावे लागत नाही. उत्तरे मिळेपर्यंत फीत कापायची घाई करू नये.