देवगडची बेतवा

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि घरोघरी तीर्थयात्रेचे बेत सुरू होतात. क्षेत्रदर्शनासोबत ज्यांना नदीचेही सान्निध्य हवे असेल, त्यांनी बुंदेलखंडातील देवगडला अवश्य जावे. झाशी-भोपाळ लोहमार्गावरील ललितपूरपासून ते सुमारे ३३ किलोमीटरवर आहे.

येथील डोंगरी किल्ल्यात एकतीस जिनमंदिरे आहेत. भगवान शांतिनाथांच्या मंदिरासमोरील मंडपाच्या स्तंभावर विक्रम संवत ९१९ चा, म्हणजे इ.स. ८६२ चा शिलालेख आहे. आचार्य कमलदेवांचे शिष्य श्रीदेव यांनी तो स्तंभ उभारविल्याची नोंद त्यात आहे. डोंगराचा कडा जेथे तुटतो, तेथे खाली बेतवा वाहते. कालिदासाने ‘मेघदूता’त उल्लेखिलेली वेत्रवती ती हीच. राजघाटी आणि नाहरघाटी या दोन ठिकाणी खडकात कोरलेल्या पायऱ्या पाण्याकडे उतरतात.

या पायऱ्यांवर श्रावकाने क्षणभर थांबावे. आपल्या दृष्टीने जल हे केवळ जीवांचे वसतिस्थान नव्हे. जल हीच ज्यांची काया आहे असे अप्कायिक जीव आपण मानतो. म्हणूनच समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त निष्कारण पाणी ढवळणे हे अनर्थदंडात गणले आहे. विशेष म्हणजे, निरुद्देश भटकणेही त्यांनी त्याच यादीत घातले आहे. प्रवास निषिद्ध नाही. पण त्याला हेतू हवा आणि पावलोपावली यतना हवी.

आपल्या आजी-पणजी पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडीत. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात त्यांना पोहोचवावे, एवढी त्यांची दक्षता होती. आज आपण नदीकाठी फराळ करतो, गाळलेले पाणी पितो आणि रिकाम्या बाटल्या, खाकऱ्यांची वेष्टने मागे ठेवून उठतो. ताटातील अभक्ष्य टाळले, पण आपल्या कचऱ्याने मासा किंवा कासव गुदमरले, तर अहिंसेचा हिशेब जुळत नाही.

तेव्हा यात्रेला निघताना स्टीलचे भांडे, स्वच्छ गाळणे आणि कचऱ्यासाठी एक कापडी पिशवी घ्यावी. साबण, निर्माल्य किंवा उरलेले अन्न पाण्यात जाऊ देऊ नये. मुलांना पाण्यात दगड भिरकावण्याऐवजी काठावर बसून पक्षी न्याहाळू द्यावेत. पिशवी भरली की ती ललितपूरपर्यंत आपल्याच हातात असावी.