शिकून आला आणि मातीच म्हणाला



गेल्या वैशाखात एका नातलगांकडे मुक्काम पडला. त्यांनी नवे घर बांधले आहे. सिमेंटच्या विटांच्या भिंती, वर पत्रा, दर्शनी बाजूला गुलाबी रंग. मोठ्या हौसेने त्यांनी ते फिरवून दाखवले. जेवणे झाली आणि यजमान हळूच म्हणाले, "चला, पलीकडे जरा पाठ टेकू." पलीकडे म्हणजे त्यांचे जुने घर. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद. आता तिथे कडबा भरतात, आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच घरातली वडीलधारी माणसे त्या कडब्याशेजारी सतरंजी टाकून निजतात. कर्ज काढून बांधलेले घर उन्हात तापत उभे, आणि त्याचे मालक जुन्या घरात घोरत पडलेले! हसू नका, तुमच्यापैकी पुष्कळांकडे हेच चालले आहे.

त्या दुपारी मला काही झोप आली नाही. दूरच्या एका गावची गोष्ट डोक्यात घोळत राहिली. त्या गावालाही नेमका हाच पेच पडला होता, माती की सिमेंट? आणि तो सोडवला त्याच गावच्या एका मुलाने, तोही अजून शिकत असताना.

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. १९८४ पर्यंत त्याला अप्पर व्होल्टा म्हणत. समुद्रकिनारा नाही, शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर, खाण्यात ज्वारी-बाजरी, आणि पाऊस मोजके महिने, तोही लहरी. (वाचताना मराठवाड्याची आठवण झाली तर दोष माझा नाही.) तिथल्या गांदो या खेड्यात १९६५ साली गावच्या मुखियाच्या घरी पहिला मुलगा झाला. त्याचे नाव दिएबेदो फ्रान्सिस केरे. मुखियाला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. आलेले पत्र घरच्याच कोणीतरी वाचून दाखवावे म्हणून त्याने मुलाला शाळेत घालायचे ठरवले. पण गावात शाळा कुठे होती? सातव्या वर्षी पोर घर सोडून तेंकोदोगो या गावी शिकायला गेले. तिथला वर्ग सिमेंटचा. वारा नाही, उजेड नाही, शंभरावर मुले दाटीने बसलेली आणि उकाड्याने जीव कासावीस. असल्या भट्टीत बसून तो शिकला, आणि ती भट्टी विसरला नाही.

सुट्टीत तो गावी येई. परत निघताना रीतीप्रमाणे घरोघर निरोप घ्यायला जावे लागे, आणि प्रत्येक घरची बाई कमरेच्या वस्त्राच्या गाठीतून एक नाणे सोडून त्याच्या हातावर ठेवी. बहुधा तेच तिचे शेवटचे नाणे असे. या सगळ्याजणी मला पैसे का देतात, असे त्याने आईला विचारले. आईचे म्हणणे असे, की तू शिकशील आणि एक दिवस गावाच्या उपयोगी पडशील, या आशेवर त्या देतात. आपल्याकडेही शिकायला निघालेल्या पोराच्या हातावर म्हातारी आजी पदराच्या गाठीचा रुपया ठेवते. फरक इतकाच, की आपण तो आशीर्वाद समजतो. या मुलाने तो कर्ज समजला.

पुढे तो सुतारकाम शिकला. १९८५ साली शिष्यवृत्ती मिळून जर्मनीला गेला. रात्रीच्या शाळेत जाऊन राहिलेले शिक्षण पुरे केले आणि १९९५ साली, वयाच्या तिशीत, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुकला शिकू लागला. पदवी हाती यायला २००४ साल उजाडले. पण तोवर थांबायला त्याची तयारी नव्हती. १९९८ साली मित्रांना जमवून त्याने एक संस्था काढली, तिच्या जर्मन नावाचा अर्थ 'गांदोच्या शाळेसाठी विटा' असा. बरोबरच्या विद्यार्थ्यांना तो सांगे, कॉफी आणि सिगारेटचे पैसे वाचवा आणि मला द्या. अशा रीतीने दोन वर्षांत त्याने ५० हजार डॉलर उभे केले.

पैसे घेऊन गडी गावी आला. शाळा बांधायची म्हणताच गावकऱ्यांनी आनंदाने उड्या मारल्या. कशाची बांधणार, असे विचारल्यावर तो म्हणाला, मातीची. आणि सगळ्यांची तोंडे उतरली.

इथे त्या गावकऱ्यांना नावे ठेवू नका. माती म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पावसाळा आला की भिंतीचा पाया धुऊन जातो, पोपडे पडतात, दरसाल लिंपण आणि डागडुजी. साहेब लोकांच्या इमारती सिमेंटच्या असतात, मग आपल्याच वाट्याला माती का? एवढी वर्षे परदेशात राहून, आमच्याबरोबर शेतात राबायचे सोडून, हा मातीच शिकून आला काय? ही शंका लोकांनी त्याला तोंडावर बोलून दाखवली. आपल्या घरचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि म्हणाला, "बाबा, स्लॅब नको, माती घ्या," तर आपण तरी दुसरे काय म्हणू?

केरेने वाद घातला नाही. कागदावरचा नकाशा गावाला वाचता येत नाही, तर तो काठी घेऊन जमिनीवरच्या रेतीत आकृती काढून दाखवू लागला. वर्ग इथे, वारा इकडून, पाणी तिकडे. आणि बोलून पटत नाही ते बांधून दाखवू लागला. पुढल्या एका कामात कमानीच्या छताबद्दल लोकांना शंका होती. त्याने आधी कमानीचा नमुना बांधला आणि आपल्या माणसांसह त्यावर चढून उभा राहिला. कमान पडली नाही, तेव्हा बोलणे संपले.

आता त्याने मातीचे केले काय, ते नीट सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. माती होती तशी वापरली नाही. त्यात थोडे सिमेंट मिसळून साच्यात दाबून विटा केल्या. त्या भट्टीत भाजायच्या नाहीत, म्हणून सरपण लागत नाही. पाया दगडाचा घेतला, म्हणजे ओल भिंतीत चढणार नाही. मातीच्या भिंतीचा वैरी ऊन नव्हे, पाणी. तेव्हा पत्र्याचे छप्पर भिंतीच्या बाहेर चांगले लांब काढले, की पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. आता पत्रा म्हटला की तापणारच. म्हणून तो डोक्यावर ठेवलाच नाही. वर्गावर आधी विटांचे छत केले, त्याला फटी ठेवल्या, आणि त्याच्यावर बरीच मोकळी जागा सोडून लोखंडी सळ्यांच्या कैच्यांवर पत्रा उचलून धरला. वर्गातली गरम हवा फटींतून वर जाते, मधल्या मोकळ्या जागेतला वारा तिला वाहून नेतो, आणि खालून खिडक्यांतून थंड हवा येते. पंखा नाही, वीज नाही. कैच्यांना यंत्रे-याऱ्या लागल्या नाहीत. बाजारात मिळणाऱ्या साध्या सळ्या, कापायला हाताची करवत आणि जोडायला लहानसे वेल्डिंगचे यंत्र. गावची पोरे ते शिकली.

बाकी अंगमेहनत गावाची. पायाचे दगड मुलांनी गोळा करून आणले, बायांनी डोक्यावरून पाणी वाहिले. जमिनीचे काम तर पाहण्यासारखे. बाया रांगेने बसून तासन् तास माती बडवत, आणि ती घट्ट बसली की दगडाने घासून गुळगुळीत करत. आपल्याकडे धुमुस घेऊन जमीन चोपत, मग सारवत, तोच प्रकार. थोडक्यात, गांदोने शाळेची इर्जिक घातली. हे मी मुद्दाम म्हणतो. मातीची वीट स्वस्त पडते ती अशा हातांमुळे. प्रत्येक घमेल्याची मजुरी मोजून द्यायची ठरली, तर मातीची भिंत सिमेंटच्या भिंतीइतकी महाग पडायला वेळ लागत नाही. इर्जिक आणि सावड आपण मोडीत काढली, त्याची किंमत ही अशी ध्यानीमनी नसताना भरावी लागते.

२००१ साली शाळा पुरी झाली. म्हणजे गवंड्याची परीक्षा झाली तेव्हा विद्यार्थ्याची व्हायचीच होती! २००४ साली त्या शाळेला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

पण शाळा झाली तरी मास्तर टिकतील कसे? खेड्यात राहायला धड घर नसेल तर शहरचा शिक्षक बदलीची वाट बघत दिवस काढतो, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून २००४ पर्यंत केरेने शाळेच्या दक्षिणेला शिक्षकांसाठी सहा घरे बांधली. मला शाळेपेक्षा ही घरे अधिक आवडतात. ती एका रांगेत चाळीसारखी नाहीत, गावातल्या घरांच्या घोळक्यासारखी अर्धवर्तुळात आहेत. एकेक खण गावातल्या नेहमीच्या गोल झोपडीएवढा. कोणाला मोठे घर हवे तर खणाला खण जोडायचा. भिंती मातीच्या, ४० सेंटिमीटर जाड, म्हणजे आपली जवळजवळ एक हात. छत कमानीचे, दाबलेल्या मातीच्या विटांचे. दोन छपरे मुद्दाम कमीजास्त उंचीची ठेवून मधे चंद्रकोरीएवढी फट राखली आहे, तिच्यातून उजेड येतो आणि वाराही खेळतो. सगळी रचना इतकी साधी, की पाहून दुसऱ्याला करता यावी.

पुढे वाचनालयाचे काम निघाले तेव्हा छतासाठी गावातल्या बायांकडची मडकी आणली. त्यांची बुडे कापून ती छतात बसवली, की वरून उजेड येतो आणि गरम हवा निघून जाते. गावचीच वस्तू, पण जागा नवी. २०२२ साली प्रित्झ्कर पुरस्कार केरेला मिळाला. वास्तुकलेत याहून मोठा मान नाही, आणि तो मिळवणारा तो पहिला आफ्रिकी माणूस.

इथवर वाचून तुमच्यापैकी लातूर, धाराशिवकडच्या मंडळींच्या मनात काय आले असेल, ते मला कळते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. मातीच्या घरांनी हजारो माणसे गिळली, आणि हा गृहस्थ मातीचे गुण गातो!

तुमचा राग खरा आहे. पण घरे पडली कशी, ते आठवा. भिंती होत्या ओबडधोबड दगडाच्या, चिखलात रचलेल्या. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मधे बारीक दगडांची भर. आणि दोन्ही पदरांना सांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. वर माळवदाचे ओझे. गळती लागली की दरसाल मातीचा नवा थर, जुना कोणी काढत नसे. जमीन हलली तशी भिंत फाटली आणि सगळे ओझे निजलेल्या माणसांवर आले. तेव्हा दोष वजनाचा आणि न बांधलेल्या भिंतीचा होता. म्हणून जिथे भूकंपाचे भय आहे तिथे गांदोचे कमानीचे छत उचलून आणू नका. हलके छप्पर, जोत्याला, चौकटींच्या वर आणि छपराखाली भिंतीला चारी बाजूंनी बांधणारा सळईचा पट्टा, आणि नकाशावर जाणत्या इंजिनिअरची नजर, एवढे हवेच. केरेही आपल्या गावी आला असता तर आधी किल्लारीचीच चौकशी करता, असे मला वाटते.

आपल्या गावांतूनही आता मुले-मुली वास्तुकला शिकू लागली आहेत. तुमच्या घरात असे कोणी असेल आणि सुट्टीत नकाशे घेऊन येत असेल, तर नुसते कौतुक करून सोडू नका. अंगणात बसवा आणि म्हणा, बाळ, हे रेतीत काढून दाखव. पत्र्याखालची गरम हवा जाणार कुठून? आजी दुपारी निजणार कुठे? पावसाचे पाणी भिंतीवर येणार की दूर पडणार? दहा वर्षांनी भिंतीला भेग गेली तर ती आपल्या गवंड्याला बुजवता येईल का? उत्तरे आली नाहीत तर रागावू नका. त्याला पुन्हा एकदा जुन्या घरात नेऊन बसवा, टेप देऊन भिंतीची जाडी मोजायला लावा. आणि एक, त्याने मातीचे नाव काढले तर केरेच्या गावासारखे तोंड पाडण्याआधी एक लहानशी परीक्षा घ्या.

काळी माती घेऊ नका. ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. जुन्या जाणत्यांनी काळी पिकाला ठेवली आणि पांढरीवर गाव वसवले ते उगीच नव्हे. वरचा पालापाचोळ्याचा, मुळ्यांचा थर काढून खालची माती घ्या आणि खडे वेचून टाका. काचेच्या उभ्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर गळ्यापर्यंत पाणी, चिमूटभर मीठ. झाकण लावून चांगली खळखळून हलवा आणि सपाट जागी ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसेल, त्यावर गाळ, आणि सगळ्यांत वर चिकणमाती. पाणी निवळेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, बाटलीला हात लावू नका. मग पट्टीने थर मोजा. वाळू निम्म्याहून अधिक आणि चिकणमाती दहाव्या ते पाचव्या हिश्श्यापर्यंत भरली, तर माती विटेजोगी आहे. चिकणमाती जास्त निघाली तर वाळू मिसळून पुन्हा बाटली भरा. अशा मातीच्या शंभर घमेल्यांना पाच ते आठ घमेली सिमेंट लागते. वीट साच्यातून काढल्यावर सावलीत गोणपाटाखाली ठेवून तीन आठवडे पाणी मारायचे. घाई करून उन्हात वाळवली तर ती हातातच मोडते.

तुमच्या बाटलीत थर किती बसले, ते कळवा.