टाके माहेरी पिकतात

सिझरनंतर पाचव्या दिवशी जखम कोरडी दिसली की आपण बाळंतिणीला सोडतो आणि ती थेट माहेरी जाते. टाके पिकायचे ते बहुधा त्यानंतर. पाणी येऊ लागलं की गावातले डॉक्टर ड्रेसिंग करतात, गोळ्या देतात. आपल्या रजिस्टरात मात्र तिची जखम भरलेलीच राहते. लठ्ठ स्त्रियांच्या बाबतीत ही फसगत सर्वांत मोठी आहे.

चरबीचा थर 2 सेंटिमीटरहून जाड असेल तर तो शिवावा, हा वाद केव्हाच मिटला आहे. 2004 च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये त्यामुळे जखम उघडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. तरी पुढची केस टेबलावर यायची असली की घाईत नेमका हाच थर सुटतो.

त्वचेचं गणित इतकं सरळ नाही. 2014 च्या 'क्रॉस' चाचणीत 746 स्त्रियांपैकी स्टेपल लावलेल्यांत जखमेच्या तक्रारी 10.6 टक्के, तर टाके घातलेल्यांत 4.9 टक्के होत्या. पण बीएमआय 40 आणि त्यापुढच्या स्त्रियांवरच्या 2018 च्या चाचणीत दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. आमचा कल तरीही त्वचेखालून घातलेल्या, विरघळणाऱ्या टाक्यांकडे आहे. माहेर लांब असलं की स्टेपल लवकर काढून तिला मोकळं करण्याचा मोह होतो आणि ओटीपोटाच्या घडीखालची ओलसर जखम तेवढ्यात जुळलेली नसते.

निगेटिव्ह प्रेशर ड्रेसिंगचा आग्रह हल्ली वाढला आहे. 1,624 लठ्ठ स्त्रियांवरच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत संसर्ग त्या ड्रेसिंगने 3.6 टक्के आणि साध्या ड्रेसिंगने 3.4 टक्के झाला. त्वचेच्या तक्रारी मात्र वाढल्या. सरसकट प्रत्येकीच्या बिलात हा खर्च घालणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी सेफाझोलिन छेदापूर्वी गेलं का, वजन 120 किलो किंवा जास्त असताना 3 ग्रॅम दिलं का, क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल पूर्ण वाळू दिलं का, हे थिएटरमध्ये कुणीतरी मोठ्याने विचारावं.

घरी सोडताना तिच्या आईलाही समोर बसवा. पोटाची घडी उचलून जखम कशी बघायची, पुसून कोरडी कशी ठेवायची, हे हाताने दाखवा. ओल्या जखमेवर पोट आवळून बांधू नका, हे स्पष्ट सांगा. सातव्या आणि दहाव्या दिवशी नर्सने फोन करावा, शंका आली तर फोटो मागवावा आणि तिसाव्या दिवसापर्यंतची नोंद त्याच रजिस्टरात, त्याच नावापुढे करावी.