भिंतीतली माणसं

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात रंगमंचावर आलं. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. नाना फडणवीसांची बदनामी केली म्हणून गदारोळ झाला, प्रयोग थांबले. पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभं केलं, 1980 मध्ये युरोपातही नेलं.

वाद झाला तो नानांच्या अब्रूचा. कोतवालीच्या बदल्यात बापाने नानांच्या हवाली केलेली गौरी नाटकात मरते, तिच्याबद्दल कोण भांडलं? शेवटी जमाव घाशीरामचा जीव घेतो. नाना सहीसलामत सुटतात, वर उत्सव जाहीर करतात.

पिंपळनेरात बसून पेशवाईला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपल्या मोहल्ल्यातही मुलगा बड्या घरचा असला की 'इज्जत का सवाल' म्हणून मिटवामिटवी होते. मुलाला चार महिने नातेवाइकांकडे धाडतात. मुलीची शाळा सुटते.

मी शिक्षक आहे. हजेरी घेताना अशाच एका मुलीचं नाव पुकारलं, उत्तर आलं नाही. मी पुढचं नाव घेतलं. चौकशी केली नाही.

त्या नाटकात माणसांचीच भिंत असते आणि नानांचे उद्योग तिच्याआड चालतात. त्या दिवशी त्या भिंतीत मीही उभा होतो.