व्होल्ट जुळले, हर्ट्झचं काय?

अमेरिकेहून मिल्टन कीन्सला राहायला येणाऱ्यांना आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, तिकडचं सगळं इथे चालेल." माझ्या मते हा सल्ला अर्धाच आहे. इथली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिथली १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ मात्र तेच राहतात.

त्याने काय बिघडतं? ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला काहीही जोडलेलं नसलं, तरी त्याची प्राथमिक गुंडाळी थोडा विद्युतप्रवाह घेतेच. हा नो-लोड प्रवाह लोखंडी गाभ्यात चुंबकीय फ्लक्स निर्माण करतो. सतत बदलणाऱ्या या फ्लक्समुळे गुंडाळीत उलटं व्होल्टेज तयार होतं आणि ते पुरवठ्याचं व्होल्टेज तोलून धरतं. म्हणजे हा प्रवाह निव्वळ नासाडी नव्हे. त्यातली बरीचशी ऊर्जा प्रत्येक आवर्तनात परत जाते. उष्णता होऊन वाया जाते ती थोडीच, आणि घरगुती मीटर तेवढीच मोजतो.

आता एखादा जुना अमेरिकन ॲम्प्लिफायर घ्या. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला असेल, तर त्याच १२० व्होल्टला ५० हर्ट्झवर २० टक्के जास्त फ्लक्स लागतो. पण लोखंड आणि तांबं वाचावं म्हणून छोटे ट्रान्सफॉर्मर बहुधा संपृक्ततेच्या काठावरच चालवलेले असतात. तो काठ ओलांडला, की जरा जास्त फ्लक्ससाठी प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. गाणं लागलेलं नसतानाही डबा घुमतो, तापतो, आणि गुंडाळीवरचं इन्सुलेशन हळूहळू खराब होतं. व्होल्टमीटर मात्र सगळं आलबेल दाखवतो!

उलट दिशेने ही अडचण येत नाही. ५० हर्ट्झसाठी बनवलेला भारतीय ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच व्होल्टवर ६० हर्ट्झला लावला, तर फ्लक्स कमी होतो आणि गाभ्यावरचा ताण उतरतो.

म्हणून सामान बांधण्याआधी प्रत्येक उपकरणावरची पाटी वाचा. लॅपटॉप-फोनच्या चार्जरवर '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल, तर ट्रान्सफॉर्मर नकोच, फक्त प्लग बदला. '१२० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल, तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन घ्या. आणि आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या वस्तूवर नुसतं '६० हर्ट्झ' लिहिलं असेल, तर ती तिथेच कुणाला तरी देऊन या. कंटेनरमधली जागा वाचेल, आणि इथल्या घरात रात्रंदिवस तापणारा एक डबाही कमी होईल.